केपलर खरंच पत्रिका बघायचा का? (घरात मंगळाचं प्रकरण सुरू आहे, मदत करा)

साताऱ्याची_सून

नमस्कार मंडळी, तीनचार वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय असा की माझ्या नणंदेचं लग्न ठरत आलंय, मुलगा चांगला आहे, दोघांचं आधीपासूनच जमलेलं आहे म्हणजे ते कांदेपोहे वगैरे काही नाही, पण मुलाकडच्यांनी सहज म्हणून पत्रिका मागितली आणि हिच्या सातव्या घरात मंगळ निघाला. झालं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आमचे चुलत सासरे, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, ते रिटायर्ड इंजिनियर आहेत आणि पत्रिकेच्या बाबतीत सगळ्यात कट्टर तेच. परवा जेवताना मी म्हटलं, आप्पा अहो तुम्ही इंजिनियर ना, तुम्ही तरी असं बोलू नका. तर शांतपणे आमटी वाढून घेत म्हणाले, "अगं तुझा तो केपलर, ज्याचे नियम तू अकरावीच्या पोरांना घोकायला लावतेस, तो राजाच्या पदरी ज्योतिषी होता. तो काय बिनडोक होता?"

आणि मला काही बोलताच येईना!! बारा वर्षं फिजिक्स शिकवतेय, ग्रहांच्या गतीचे त्याचे तिन्ही नियम झोपेत म्हणून दाखवीन, पण तो माणूस कोण, कुठला, काय मानायचा, काहीच माहीत नाही. रात्री गुगल करत बसले तर अर्धे म्हणतात पोटासाठी करायचा, मनातून मानत नव्हता, आणि अर्धे म्हणतात पक्का श्रद्धाळू होता. मग खरं काय? आणि तो मनापासून मानत असेल तर मग मी आप्पांना काय सांगू?

उंटावरचा_शहाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

गणित_मास्तर

ताई, आप्पा बरोबर बोलले हे आधी मान्य करून टाका, पुढचं सोपं जाईल. केपलर ज्योतिषी होता आणि नुसता पोटासाठी नाही. ते "पोटासाठी करायचा" हे आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांनी सोयीसाठी काढलेलं आहे, म्हणजे पोरांसमोर हिरो स्वच्छ राहतो.

सुरुवात पोटापासून झाली हे खरं. त्याला व्हायचं होतं पाद्री, ट्युबिंगेनला त्यासाठीच शिकत होता, तिथे मेस्टलिन नावाच्या गुरुजींनी सूर्य मध्यभागी मानणाऱ्या कोपर्निकसचं वेड लावलं, आणि १५९४ ला ऑस्ट्रियातल्या ग्राट्झच्या शाळेतला गणिताचा मास्तर वारला म्हणून याला तिकडे पाठवून दिलं. त्या नोकरीतच दर वर्षी पंचांग काढायचं काम गळ्यात होतं, थंडी किती पडेल, पिकं कशी येतील, लढाई होईल का वगैरे सगळं त्यात लिहायचं. पहिल्याच १५९५ च्या पंचांगात यानं कडाक्याची थंडी आणि तुर्कांचा हल्ला असं लिहिलं आणि दोन्ही झालं, मग काय, गडी एका वर्षात फेमस.

पुढे त्यानं स्वतःच लिहिलंय की ज्योतिष ही खगोलशास्त्राची खुळी पोरगी आहे, पण ही खुळी कमावते म्हणून शहाण्या आईला जेवायला मिळतं. हे वाक्य सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात. पण खुळी म्हटलं तरी त्यानं तिला घराबाहेर काढलं नाही. १६१० मध्ये चक्क एक पुस्तक लिहून ज्योतिषाला सरसकट शिव्या घालणाऱ्यांना सुनावलं, आंघोळीच्या पाण्याबरोबर पोर फेकून देऊ नका असं त्याच्या मुखपानावरच छापलंय. स्वतःची पत्रिका तर अशी मांडली होती की आपले आप्पासुद्धा लाजतील, जन्मवेळच नाही, गर्भधारणेची वेळसुद्धा काढली, १६ मे १५७१ पहाटे ४ वाजून ३७ मिनिटं! आईच्या पोटात २२४ दिवस ९ तास ५३ मिनिटं होतो म्हणे. मिनिटं बरं का.

आणि त्याचं ग्रहांचं पहिलं मोठं डोकं चाललं तेसुद्धा वर्गात फळ्यावर गुरू-शनीच्या युतीची (म्हणजे दोघे आकाशात एकत्र येतात त्याची) आकृती काढताना, १९ जुलै १५९५. युती म्हणजे ज्योतिषाचाच विषय ना. तिथे त्याला एकदम वाटलं की ग्रहांमधली अंतरं ही पाच सुबक घनाकृती एकात एक बसवल्यासारखी आहेत, शनी आणि गुरूच्या मध्ये घन, गुरू आणि मंगळाच्या मध्ये चतुष्फलक, असं करत बुधापर्यंत, आणि ही देवाची भूमिती आपल्याला सापडली म्हणून तो रडला होता. कल्पना साफ चुकीची आहे. पण त्याच चुकीच्या कल्पनेमागे धावत धावत पुढचं सगळं सापडलं.

तेव्हा "मानायचा का" याला उत्तर हो. "काय मानायचा" हा खरा प्रश्न आहे, त्यावर इथले जाणकार बोलतीलच.

काडेपेटी

मास्तर प्रामाणिक आहेत म्हणून दंडवत, नाहीतर इथले विज्ञानवाले लगेच सारवासारव करतात.

आता मी एक काडी टाकतो. वॉलेनस्टाइन नावाचा सेनापती होता, तीस वर्षांच्या युद्धातला सगळ्यात दांडगा. त्याची पत्रिका केपलरनं १६०८ मध्ये केली, गिऱ्हाइकाचं नाव न कळवता करून घेतली होती. पुढे १६२४-२५ च्या सुमाराला परत सुधारून मागितली, तेव्हा केपलरनं वर्षावर्षाचं लिहीत आणलं आणि मार्च १६३४ ला भयंकर गोंधळ दिसतो असं लिहून पुढचं लिहायचं थांबवलं. आणि वॉलेनस्टाइनचा खून कधी झाला? २५ फेब्रुवारी १६३४!! केपलर त्याच्या सव्वातीन वर्षं आधीच वारला होता, म्हणजे मागून घुसडलं असंही म्हणता येत नाही. बोला आता.

ताई, आप्पांना माझा नमस्कार सांगा. हलकेच घ्या.

गणित_मास्तर

काडेपेटी, किस्सा खरा आहे, पण तुम्ही अर्धाच सांगितलात राव. त्याच १६०८ च्या पत्रिकेत लिहिलं होतं की ३३ व्या वर्षी श्रीमंत विधवेशी लग्न होईल. लग्न श्रीमंत विधवेशीच झालं, पण १६०९ मध्ये, म्हणजे पंचविशीतच. वॉलेनस्टाइननं स्वतः पत्रिकेच्या समासात कुठलं भाकीत कधी आलं, किती लवकर, किती उशिरा, अशा नोंदी करून ठेवल्यात, आणि दुसऱ्यांदा पत्रिका मागितली ती ही वेळ नीट लावून द्या म्हणूनच. तेव्हा केपलरनं त्यालाच झापलं की एवढं बारीकसारीक सगळं ताऱ्यांत शोधू नका. पैसे घेऊन गिऱ्हाइकाला असं सांगणारा ज्योतिषी मी तरी पाहिला नाही.

लागलेलं आठवतं, हुकलेलं कोणी धरत नाही, म्हणून मोजायला लागतं. आपल्या पुण्यातच नारळीकर सरांनी, नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींना घेऊन, २००८ च्या सुमारास हे मोजलं होतं. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, त्यातल्या चाळीस चाळीस प्रत्येक ज्योतिषाला दिल्या, सांगा कुठली कोणाची. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी निम्मीसुद्धा बरोबर आली नाहीत, नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

घटीपळे

आमच्या घरात पंचांग आणि पत्रिका दोन्ही तीन पिढ्यांपासून आहेत, मी स्वतः गणिताचं बघतो, फलिताचं म्हणजे भविष्य सांगायचं आमचे थोरले बंधू. त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खायची सवय आहे.

ताईंच्या मूळ प्रश्नाकडे कोणी बघतच नाहीये. प्रश्न मंगळाचा आहे. मंगळदोष म्हणजे काय, तर पत्रिकेत मंगळ १, ४, ७, ८ किंवा १२ या स्थानात असणं. म्हणजे सगळा खेळ स्थानांचा, तुम्ही ज्याला घरं म्हणता त्यांचा. बरोबर?

आता केपलरनं काय केलं, तर पहिल्यांदा हीच घरं उडवली. बारा स्थानं ही माणसांनी कागदावर पाडलेली विभागणी आहे, आकाशात अशी कुठलीही रेघ नाही, तेव्हा त्यांचा परिणाम होण्याचं काही कारण नाही असं त्याचं म्हणणं. बारा राशींचे गुणधर्म, ही अग्नितत्त्वाची, ती जलतत्त्वाची, तेही त्याच न्यायानं बाद. त्यानं ठेवलं काय, तर फक्त ग्रहांमधले कोन. युती, प्रतियोग (१८० अंश), त्रिकोण (१२०), केंद्रयोग (९०), आणि त्यात ७२ अंशासारखे दोनतीन नवीन कोन स्वतःच्या पदरचे घातले. त्याची कल्पना अशी की पृथ्वीला जीव आहे, आणि कानाला जसा दोन सुरांचा मेळ बरोबर कळतो तसा या जीवाला ग्रहांच्या कोनांचा मेळ कळतो, मग हवा बिघडते वगैरे. मला हे पटत नाही, पण यात सातव्या घरातला मंगळ कुठेच बसत नाही हे नक्की. गिऱ्हाइकासाठी पत्रिका मांडताना रीत म्हणून घरं काढायचा, ती काय सगळेच काढतात.

तेव्हा आप्पांना सांगा, केपलरला पंच नेमायची तयारी असेल तर नेमा, पण त्याच्या कोर्टात तुमची केस पहिल्या तारखेलाच निकालात निघते.

जाता जाता, गणित आणि मुहूर्त एकाच घरात नांदणं ही काही जर्मनीची मक्तेदारी नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला, ज्यावर महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या चालली. त्यांचे वडील केशव दैवज्ञ, त्यांचा मुहूर्तावरचा ग्रंथ आहे. पण हेच बापलेक जुन्या ग्रंथातलं गणित आकाशाशी जुळत नाही तर बदलायला हवं म्हणणारे होते. आमच्याकडे त्याला दृक्प्रत्यय म्हणतात, डोळ्याला दिसतं ते गणितात आलं पाहिजे.

साताऱ्याची_सून

घटीपळे दादा, साष्टांग!! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्या रविवार आहे, आप्पा जेवायला आहेतच.

एक विचारू का, केपलर आणि मंगळ यावरून आठवलं, पुस्तकात एक ओळ असते की मंगळाच्या निरीक्षणांवरून त्यानं पहिला नियम काढला. मंगळच का? आणि ते आठ मिनिटांचं काय प्रकरण आहे, तास मिनिटांतलं मिनिट का ते?

गणित_मास्तर

आता माझ्या आवडीचं विचारलंत. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मिनिट घड्याळाचं नाही, कोनाचं. घटीपळे ज्याला कला म्हणतात ते. एका अंशाच्या ६० कला. पूर्ण चंद्र आपल्याला साधारण ३० कलांचा दिसतो, म्हणजे आठ कला म्हणजे चंद्राच्या रुंदीचा चौथा हिस्सा, तेवढंच. या चौथ्या हिश्शासाठी केपलरनं दोन हजार वर्षांचं आकाश मोडलं.

झालं काय, १६०० साली ग्राट्झमधून कॅथलिक सरकारनं प्रोटेस्टंटांना हाकललं, धर्म बदला नाहीतर चालते व्हा. हा बदलेना. बायकामुलं घेऊन प्रागला गेला टायको ब्राहेकडे. टायकोकडे दुर्बीण नसताना नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या यंत्रांनी घेतलेल्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, एक-दोन कलांपर्यंत अचूक, आणि तो त्या कोणाला दाखवायचा नाही, जेवताना एखादा आकडा टाकायचा. त्यानं केपलरला दिला मंगळ. मंगळच का, तर बाहेरच्या ग्रहांमध्ये त्याचा मार्ग वर्तुळापासून सगळ्यात जास्त ढळलेला, कोणालाच जुळवता येत नव्हता. केपलरनं पैज लावली की आठ दिवसांत लावून दाखवतो. लागली पाच-सहा वर्षं! ताई, मंगळानं लग्न अडवायच्या आधी याला असा अडवलाय.

१६०१ मध्ये टायको मेला, राजा रुडॉल्फनं केपलरला त्याच्या जागी बसवलं, टायकोच्या वारसांशी वह्यांवरून भांडणं झाली, ते जाऊ दे. तर यानं आधी वर्तुळंच धरून एक जुळणी बसवली, सूर्याची जागा थोडी सरकवून, वेग बदलता ठेवून. हाताने गुणाकार, लॉगॅरिदम अजून जन्मायचे होते. तो वाचकाला लिहितो की तुम्हाला या आकडेमोडीचा कंटाळा आला असेल तर माझी कीव करा, मी ही निदान सत्तर वेळा केली आहे. सत्तर! आमची पोरं एकदा पडताळा घ्या म्हटलं की तोंड वाकडं करतात.

आणि जुळणी जवळजवळ बसली. फक्त एका तपासणीत ८ कलांचा फरक राहिला. जुन्या ग्रीक खगोलशास्त्रातल्या टॉलेमीचं काम दहा कलांवर भागत होतं, त्याच्या हिशोबानं ही जुळणी पास होती. पण टायकोसारखा निरीक्षक आठ कला चुकणार नाही हे याला माहीत होतं. मग यानं काय केलं, टायकोवर खापर फोडलं नाही, आपलंच एवढं काम कचऱ्यात टाकलं, आणि लिहिलं की या आठ कलांनीच सगळ्या खगोलशास्त्राच्या सुधारणेचा रस्ता दाखवला. मग अंड्यासारखा आकार करून पाहिला, तोही चुकला, शेवटी १६०५ मध्ये लंबवर्तुळ. छापलं १६०९ ला.

आणि फळ्यावर आपण ते लंबवर्तुळ काढतो ना साबुदाणा वड्यासारखं चपटं, ते सपशेल खोटं. मंगळाची कक्षा एका बाजूनं जेमतेम ०.४ टक्के चपटी आहे, कंपासनं काढलेल्या वर्तुळावर ठेवली तर डोळ्याला फरक कळणार नाही. तेवढा फरक त्यानं पकडला.

आता यात देव आणि श्रद्धा कुठे बसते ते बघा. वर्तुळ हा देवाचा परिपूर्ण आकार असं त्या काळी सगळेच मानायचे, आणि हा तर पाद्री व्हायला निघालेला. तरी मोडलं. आणि मोडल्यावर श्रद्धा गेली का, तर नाही, उलट १६१९ च्या पुस्तकात ग्रहांची गाणी लिहिली चक्क, स्वरलिपीत, पृथ्वी मी-फा-मी गाते म्हणतो, कारण इथे दुःख आणि भूकच आहे. तिसरा नियम याच गाण्यांच्या पुस्तकात मध्येच कुठेतरी सापडतो. पाच घनाकृतींचा हट्टसुद्धा सोडला नाही, ते तरुणपणीचं पुस्तक १६२१ ला टिपा घालून परत छापलं. माणूस असा सरळ एका बाजूला पडत नाही, म्हणून मला आवडतो.

काडेपेटी

मास्तर आठ कला पटल्या. काडी विझली. घरांचा मुद्दा मला माहीत नव्हता, प्रामाणिकपणे सांगतो, आमच्या ग्रुपवर केपलरचा फोटो टाकून जे फिरतं त्यात हे नसतं.

पण एक विचारतो, न्यूटन तर सोनं बनवायच्या मागे होता म्हणतात, त्याचं काय?

उंटावरचा_शहाणा

अवांतर सुरू झालं, हुर्रे. न्यूटनच्या किमयेवरच्या वह्याच दहा लाख शब्दांच्या घरात जातात, बायबलवर त्याहून जास्त, १९३६ च्या लिलावात अर्थशास्त्रज्ञ केन्सनं त्यातल्या बऱ्याच घेतल्या. पण तो वेगळा धागा काढा, इथे लग्न लावायचंय.

सदाफुली

सगळे मंगळ आणि कला घेऊन बसलात, कोणी त्याच्या आईचं नाव काढेना. मी काढते.

काथारिना केपलर. गावातली औषधं-पाला देणारी बाई, तोंडानं फटकळ, नवरा भाडोत्री शिपाई होऊन पळून गेलेला, एकटीनं पोरं वाढवली. १५७७ चा मोठा धूमकेतू आला तेव्हा हिनंच पाच वर्षांच्या योहानेसला टेकडीवर नेऊन दाखवला. लहानपणी देवी आल्यामुळे त्याची नजर अधू होती, म्हणजे पुढे दुसऱ्याच्या निरीक्षणांवर अवलंबून राहणं आलंच, पण आकाश पहिल्यांदा दाखवलं ते आईनं.

तर १६१५ मध्ये लिओनबर्गला शेजारच्या उर्सुला राइनबोल्ड नावाच्या बाईनं आरोप केला की काथारिनानं मला कडू काहीतरी पाजलं आणि तेव्हापासून माझी तब्येत बिघडली, ही चेटकीण आहे. मग सगळं गाव जागं झालं, कोणाची गाय मेली, कोणाच्या पोरीचा हात दुखला, सगळं हिच्यावर. यात तिचीही एक गोष्ट निघाली, तिनं स्वतःच्या बापाची कवटी उकरून द्यायला सांगितली होती, चांदीनं मढवून मुलासाठी पेला करायचा म्हणून! असं कुठे कोणत्या प्रवचनात ऐकलं होतं म्हणे. बिचारीनं लेकासाठी केलं आणि गळ्याशी आलं. ऑगस्ट १६२० मध्ये रात्री तिला पकडलं, सत्तरी उलटलेली बाई, चौदा महिने साखळदंडात, पहारेकऱ्यांचा खर्चसुद्धा तिच्याच माथी.

केपलर तेव्हा लिंझला होता. सम्राटाचा गणिती. सगळं टाकून वुर्टेम्बर्गला आला आणि बचाव स्वतः हातात घेतला. प्रत्येक साक्षीची तारीख तपासली, कोण कधी काय म्हणालं होतं, आधी काय सांगितलं आणि नंतर काय, कोणाला आधीपासूनच कुठला आजार होता, हे सगळं कागदावर मांडलं. मास्तर, तुमच्या आठ कलाच या, फक्त माणसांच्या बोलण्यातल्या. चेटकिणी जगात नसतातच असं मात्र तो कुठेही म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तर केस तिथेच हरला असता असं मला वाटतं. माझी आई चेटकीण असल्याचा तुमच्याकडे पुरावा नाही, एवढंच धरून बसला.

सप्टेंबर १६२१ मध्ये तिला छळाची हत्यारं दाखवायला नेलं, घाबरून कबूल करते का बघायला. ती म्हणाली, माझ्या अंगातली एकेक शीर ओढून काढलीत तरी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आणि गुडघे टेकून प्रार्थना म्हणाली. सुटली. पुढच्या एप्रिलमध्ये गेलीच.

आणि केपलरला आयुष्यभर लागून राहिलं होतं की हे आपल्यामुळे झालं, कारण त्यानं चंद्रावर जाण्याची एक गोष्ट लिहिली होती ज्यात नायकाची आई पालापाचोळा विकते आणि भुतांशी बोलते, तिचं हस्तलिखित लोकांच्या हाती पडलं होतं. खरं किती कोण जाणे, पण त्यानं पुढे त्या गोष्टीला तळटीपा लिहिल्या त्या मूळ गोष्टीहून लांब आहेत.

लग्नावरून एक गंमत पण सांगते. पहिलं लग्न १५९७ ला केलं तेव्हा ग्रहमान वाईट आहे असं यानंच लिहून ठेवलंय, आणि तरी केलं! पहिली बायको वारल्यावर दुसऱ्या वेळी अकरा स्थळं बघितली, एकेकीचे गुणदोष लिहून मित्राला लांबलचक पत्र पाठवलं, सगळ्यांचा विरोध पत्करून पाचव्या नंबरची सुझाना केली. अनाथ मुलगी, हुंडा नाही, काही नाही. त्या पत्रात वय, पैसा, तब्येत, स्वभाव, लोक काय म्हणतील, सगळी चर्चा आहे. आणि त्याच लग्नाच्या वेळी दारूवाला पिंपात काठी घालून किती दारू आहे ते एका फटक्यात मोजतो हे बघून याचं डोकं फिरलं आणि पिंपांच्या आकारमानावर पुस्तक लिहिलं. नवीन नवरी काय म्हणाली असेल!

बंड्या_श्टुटगार्टकर

सदाफुली ताई मस्त लिहिलंत. मी इथेच राहतो, सहा वर्षं झाली. श्टुटगार्टहून एस-६ लोकल पकडली की वाटेत लिओनबर्ग लागतं आणि शेवटचं स्टेशन वाइल डेर श्टाट, केपलरचं जन्मगाव. आईबाबा आले होते तेव्हा घेऊन गेलो होतो. एवढंसं गाव, चौकात त्याचा मोठा पुतळा, बसलेला, खाली चार कोपऱ्यांत कोपर्निकस, मेस्टलिन, टायको आणि यंत्रं बनवणारा ब्युर्गी. जन्मघरात म्युझियम आहे, दोन खोल्यांचा जीव. बाबांनी चौकात उभं राहून विचारलं, याची समाधी कुठेय? तर ती नाहीच. १६३० च्या नोव्हेंबरमध्ये रेगेन्सबुर्गला गेला होता, सरकारकडे थकलेले पैसे मागायला, तिथेच तापानं गेला आणि युद्धात ते कब्रस्तानच उद्ध्वस्त झालं. स्वतःच्या थडग्यावरच्या ओळी मात्र आधीच लिहून ठेवल्या होत्या, आकाश मोजत होतो, आता पृथ्वीच्या सावल्या मोजतो, अशा अर्थाच्या.

अजून एक, वर मास्तरांनी कॅथलिकांनी हाकललं ते लिहिलंय, पण त्याच्या स्वतःच्या लुथेरन लोकांनी पण त्याला १६१२ मध्ये लिंझला चर्चमधला प्रसाद द्यायचं बंद केलं होतं. एका कलमावर मनापासून पटत नाही म्हणून सही करेना. म्हणजे दोन्हीकडून बाहेर. आणि तरी मरेपर्यंत स्वतःला लुथेरनच म्हणवून घेतलं.

साताऱ्याची_सून

मंडळी अपडेट द्यायला आलेय, उशीर झाला, पेपर तपासणी चालू होती.

रविवारी जेवणं झाल्यावर आप्पांसमोर घटीपळे दादांचा प्रतिसाद फोनवर मोठ्यानं वाचला. घरं मानत नव्हता, राशी मानत नव्हता, नुसते कोन. आप्पा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "घरं मानत नव्हता? मग कसला डोंबलाचा ज्योतिषी तो." म्हणजे जो माणूस इतके दिवस त्यांचा साक्षीदार होता तो एका वाक्यात बाद!! नणंदबाई हसून हसून लोळल्या.

सदाफुली ताईंचं मात्र सासूबाईंनी वाचायला लावलं, दोनदा. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी मुलाच्या आईला त्यांनीच फोन लावला, मी ओट्याशी होते म्हणून ऐकलं, पत्रिकेचं काही काढलंच नाही, हॉल कुठला घ्यायचा ते बोलत होत्या. मंगळाची शांत करायची ठरलीये तेवढी, आप्पांच्या समाधानासाठी, त्याला कोणाची ना नाही.

आणि मास्तर, तुमचं वाचून मी वर्गात या वेळी तिसरा नियम (फेरीच्या काळाचा वर्ग आणि सूर्यापासूनच्या अंतराचा घन यांचं प्रमाण सगळ्या ग्रहांना सारखंच) नुसता लिहून दिला नाही, पोरांकडून आकडे काढून घेतले. गुरूला सूर्याभोवती ११.८६ वर्षं लागतात, त्याचा वर्ग १४०.७, अंतर पृथ्वीच्या ५.२ पट, त्याचा घन १४०.६. मागच्या बाकावरचा एक जण "आयला" म्हणाला, मी ऐकलं नाही असं दाखवलं. तोच तक्ता मी घरी टेबलावर विसरले होते. काल रात्री पाणी प्यायला उठले तर आप्पा दिवा लावून, कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले. म्हणाले, "शनीचं चुकतंय तुझं. एकीकडे ८६८ येतंय आणि दुसरीकडे ८५७. अंतर तू ९.५ घेतलंयस, पुढचा आकडा गाळलास ना? ९.५४ घे."